विदर्भकन्यांचे माहेर आणि पेनेलोपीचा पलंग

अमरावतीहून चाळीसेक किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा मानते. १९६० च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले आणि प्राचीन वस्तीचे थर उजेडात आले. पण कौंडिण्यपूरची खरी श्रीमंती जमिनीखाली नाही, ती कथांमध्ये आहे. अगस्त्याची पत्नी लोपामुद्रा, नळाची दमयंती, रघुवंशातली अजाची इंदुमती आणि कृष्णाची रुक्मिणी या चौघी विदर्भराजाच्या लेकी. एका प्रदेशाने भारतीय वाङ्मयाला इतक्या नायिका दिल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. ‘वऱ्हाड’ या नावाचा धागा लोक रुक्मिणीच्या लग्नाच्या वऱ्हाडाशी जोडतात. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मानवणार नाही, पण लोकांना ती सुचावी यात आश्चर्य नाही.

मी अकोल्यात बरीच वर्षे इंग्रजी साहित्य शिकवतो. वर्गातल्या मुलामुलींना मेडूसा ठाऊक असते. तिच्या केसांच्या जागी साप आहेत आणि तिच्या नजरेला नजर भिडली की माणसाचा दगड होतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. रिक रायर्डनच्या पर्सी जॅक्सन मालिकेतून, चित्रपटांतून आणि मोबाइलवरच्या खेळांतून ग्रीक देवदेवता त्यांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. रुक्मिणी त्यांना माहीत असते ती विठ्ठलाशेजारची. दमयंती मात्र नळाची बायको एवढीच उरते, आणि ती आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली, हे कानावर गेले की वर्ग चमकतो. ग्रीक पात्रे अडीच-तीन हजार वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये हिंडतात आणि आपली दमयंती कुंडिनपुरातच राहून जाते, हे असे का व्हावे? केवळ इंग्रजीच्या प्रभावाकडे बोट दाखवून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. या लेखात मी ते दोन राण्यांच्या तुलनेतून शोधणार आहे.

देव गेले, पात्रे उरली

ग्रीक पात्रे आज कोणाच्याही हाती लागतात, याचे पहिले कारण ऐतिहासिक आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर आणि बळींवर बंदी घातली. मंदिरे ओस पडली, काही चर्चमध्ये बदलली. झ्यूस, अथेना, हेडिस यांना नवस बोलणारे कोणी उरले नाही. देवपण गेले, तशी पात्रे मोकळी झाली. दांतेने ओडिसियसला नरकाच्या आठव्या वर्तुळात ज्वाळेत कोंडले. टेनिसनने त्याच ओडिसियसला म्हातारपणी पुन्हा समुद्राची ओढ लावली. जेम्स जॉइसने १९२२ साली त्याला डब्लिन शहरातला जाहिराती गोळा करणारा माणूस केले. रायर्डनच्या २००५ मधल्या पहिल्या कादंबरीत ऑलिंपस पर्वत एम्पायर स्टेट इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर आहे, युद्धदेव एरिस मोटरसायकलवरून येतो आणि मेडूसा न्यू जर्सीत बागेतले पुतळे विकण्याचे दुकान चालवते. हे पुतळे कुठून येतात, ते वाचकाने ओळखायचे. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकातला संगीताने झोपणारा तीन डोक्यांचा कुत्रा म्हणजे ऑर्फियसच्या कथेतला पाताळाचा राखणदार सर्बेरसच.

पण ग्रीकांमध्येही श्रद्धा जिवंत होती तेव्हा हे इतके सोपे नव्हते. हेलनचे उदाहरण पाहावे. आपण तिला ट्रॉयच्या युद्धाचे कारण म्हणून ओळखतो, पण स्पार्टाजवळ थेराप्नी येथे तिचे देवस्थान होते. एका कुरूप तान्ह्या मुलीला तिची दाई रोज हेलनच्या देवळात नेऊन प्रार्थना करी आणि ती मुलगी मोठेपणी अतिसुंदर झाली, अशी कथा हिरोडोटसने दिली आहे. लग्नाळू मुलींनी एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करावे, ही आपल्याकडची रीत ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही दाई परकी वाटणार नाही. स्टेसिकोरस नावाच्या कवीने हेलनची निंदा केली, तेव्हा त्याची दृष्टी गेली आणि ‘ती कथा खरी नव्हे’ असे नवे काव्य रचल्यावर ती परत आली, अशीही दंतकथा आहे. प्लेटोने तिचा उल्लेख केला आहे. म्हणजे देवता जागी असताना ग्रीक कवीलाही माफी मागावी लागत होती. आजच्या कादंबरीकाराला हेलनची माफी मागावी लागत नाही. त्याचे स्वातंत्र्य दुराव्यातून आले आहे.

मराठी लेखकांनीही या दुराव्याचा फायदा घेतला. सदानंद रेगे यांनी ‘जयकेतू’मध्ये आणि पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’मध्ये सोफोक्लीसचा राजा मराठीत आणला. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘पिंगळावेळ’मध्ये ‘ऑर्फियस’ ही कथा आहे. अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’त जगभरच्या शोकग्रस्त स्त्रियांमध्ये ट्रॉयची कॅसांड्राही आहे. आपल्या पुराणांकडे आपण वळलोच नाही, असे अर्थातच नाही. ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘युगान्त’ ही नावे मराठी वाचकाला सांगायला नकोत, आणि शिवाजी सावंतांच्या ‘युगंधर’मध्ये रुक्मिणी स्वतः बोलते. पण या वाटा बहुतेक हस्तिनापूर आणि द्वारकेकडे जातात. कुंडिनपूर वाटेत लागते, तिथे मुक्काम पडत नाही.

दोन राण्या, दोन परीक्षा

पेनेलोपी आणि दमयंती यांच्या कथा शेजारी ठेवल्या की नवल वाटते. दोघींचे पती नाहीसे झाले आहेत. दोघीही त्यांच्या परतण्याची वाट पाहतात. दोघींकडेही पती येतो तो वेश पालटून: ओडिसियस भिकारी होऊन, आणि कर्कोटक नागाच्या दंशाने विरूप झालेला नळ बाहुक नावाचा सारथी होऊन. आणि दोघीही त्याला डोळे मिटून स्वीकारत नाहीत, पारखून घेतात.

पेनेलोपीच्या वाड्यात एकशे आठ मागणीकार ठाण मांडून बसले आहेत. सासऱ्यासाठी प्रेतवस्त्र विणून झाले की लग्न करीन, असे सांगून ती दिवसा विणते आणि रात्री उसवते. तीन वर्षे ही युक्ती चालते. मग तिच्याच एका दासीमुळे ती फुटते. ओडिसियस परतल्यावर, मागणीकारांचा संहार झाल्यावरही ती लगेच त्याच्या गळ्यात पडत नाही. आपला पलंग खोलीबाहेर आणून ठेवा, असे ती दासीला सांगते. ओडिसियस संतापतो, कारण तो पलंग हलूच शकत नाही; जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा बुंधा तासून त्याने स्वतः तो केलेला असतो. हे गुपित फक्त त्या दोघांचे. तिथे तिची खात्री पटते.

आता दमयंती. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला तिची कथा सांगतात. द्यूतात सर्वस्व हरलेला नळ तिला अरण्यात, तिचे अर्धे वस्त्र कापून घेऊन, झोपेत सोडून जातो. चेदी देशात आश्रय घेत अखेर ती माहेरी, कुंडिनपुरात पोचते आणि तिथून शोध सुरू करते. ती ब्राह्मणांना देशोदेशी पाठवते. जिथे जाल तिथे माझा एक प्रश्न सभेत उच्चारा, आणि कोण उत्तर देतो ते येऊन सांगा, असा तिचा निरोप असतो. अयोध्येत ऋतुपर्ण राजाचा बाहुक नावाचा बुटका सारथी उत्तर देतो. मग ती दुसरा डाव टाकते. सुदेव नावाच्या ब्राह्मणाकरवी ती फक्त ऋतुपर्णाला कळवते की, उद्या सूर्योदयाला दमयंतीचे दुसरे स्वयंवर आहे. एका दिवसात शंभर योजने रथ हाकणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, हे तिला ठाऊक आहे. ऋतुपर्ण येऊन पोचतो आणि पाहतो तर काय, ना मंडप, ना इतर राजे. बिचारा ‘सहज भेटीला आलो’ म्हणून वेळ मारून नेतो. महाभारतातल्या मोजक्या विनोदी जागांपैकी ही एक.

त्यानंतरची परीक्षा आणखी बारकाईची आहे. दमयंती केशिनी नावाच्या दासीला बाहुकावर नजर ठेवायला पाठवते. केशिनी येऊन सांगते: ठेंगण्या दारातून जाताना तो वाकत नाही, दारच उंच होते, त्याने पाहताच रिकामी भांडी पाण्याने भरतात, हातात चुरडलेली फुले अधिकच टवटवीत होतात. दमयंती त्याने शिजवलेले मांस चाखून पाहते, कारण नळाच्या हातची चव तिला ठाऊक आहे. मग ती आपली दोन्ही मुले त्याच्याकडे पाठवते. त्यांना मांडीवर घेऊन बाहुक रडतो, आणि परीक्षा संपते. पेनेलोपीची खूण पलंगात आहे, दमयंतीची स्वयंपाकात आणि मुलांत. पण दोघींचे तत्त्व एकच: रूप फसवते, दोघांमध्येच असलेली ओळख फसवत नाही.

एक फरक मात्र मला निर्णायक वाटतो. पेनेलोपी सारे काही सासरच्या वाड्यात, एकटीने करते. तिचे माहेर तिच्या कथेतून जवळजवळ पुसलेले आहे. ग्रीक प्रवासी पॉसेनियस एक आठवण सांगतो. लग्नानंतर निघताना तिचे वडील इकारियस रथामागे येऊन तिला ‘राहा’ म्हणून विनवतात. ती काही न बोलता चेहऱ्यावरून पदर ओढून घेते आणि पित्याला उत्तर कळते. त्या जागी पित्याने लज्जेची मूर्ती उभारली. दमयंतीचे सारे बळ मात्र माहेरातून येते. दुसऱ्या स्वयंवराचा बनाव ती वडील भीमराजाला कळू न देता, आईच्या साक्षीने रचते. मुले संकटाआधीच तिने आजोळी पाठवलेली असतात. वऱ्हाडातल्या कुठल्याही घरात हा व्यवहार आजही ओळखीचा आहे: वडिलांना सांगायचे नाही, आईला सांगायचे आणि काम तडीस न्यायचे.

कवी जिथे थांबले

अशी ही दमयंती मराठी मनात का ठसली नाही? कारण तिची कीर्ती ज्यांनी वाढवली, त्यांनी तिला लग्नमंडपातच सोडून दिले. दहाव्या शतकातल्या त्रिविक्रमभट्टाच्या ‘नलचंपू’त विदर्भाचे आणि कुंडिनपुराचे वर्णन रसाळ आहे, पण नळ देवांचा निरोप घेऊन दमयंतीपाशी पोचतो तिथे ग्रंथ थांबतो. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाचे बावीस सर्गांचे ‘नैषधीयचरित’ लग्न आणि त्यानंतरचा विलास इथवरच येते. त्याच वळणाने सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांनी रचलेले आख्यान मराठीत सर्वाधिक लाडके ठरले, आणि तेही नावाप्रमाणे दमयंतीच्या स्वयंवराचे आहे. राजा रविवर्म्याच्या चित्रातली दमयंतीही हंसाचे बोलणे ऐकत उभी आहे. वनपर्वातला उत्तरार्ध महाभारताच्या अनुवादांत आणि कीर्तनाच्या आख्यानांत टिकून राहिला, पण काव्याच्या लौकिकात भर पडली ती पूर्वार्धाच्या. हंसाशी बोलणारी मुलगी सर्वांना आठवते; खोटे स्वयंवर पुकारून नवऱ्याला शंभर योजने धावायला लावणारी बाई विस्मरणात जाते.

गंमत अशी की याच कथेने युरोपात संस्कृतचे शिक्षण सुरू करून दिले. १८१९ साली फ्रान्झ बॉपने लंडनमध्ये नलोपाख्यान लॅटिन भाषांतरासह छापले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाश्चात्त्य विद्यार्थ्यांनी दमयंतीच्या विलापावर विभक्तिप्रत्यय घोटले. वऱ्हाडची लेक परदेशात व्याकरणाची मास्तरीण झाली.

पेनेलोपीचे नशीब वेगळे. मार्गारेट ॲटवुडच्या २००५ मधल्या ‘द पेनेलोपियाड’मध्ये ती पाताळातून आपली बाजू सांगते, आणि तिच्यासोबत ओडिसियसच्या हुकमाने फासावर गेलेल्या बारा दासीही बोलतात. होमरने त्यांच्या मृत्यूला मोजक्याच ओळी दिल्या होत्या. मॅडलिन मिलरच्या २०१८ मधल्या ‘सर्सी’त ती जादूगार सर्सीच्या बेटावर जाते आणि तिथली विद्या हाती घेते. या लेखिकांनी मूळ कथेत नवे काही घुसडले, असे मला वाटत नाही. कथेत जी दारे किलकिली होती, ती त्यांनी उघडली.

रिद्धपूरचे लग्न

इथे कोणी म्हणेल की, अशी मोकळीक आपल्या परंपरेत बसत नाही. त्याचे उत्तर वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचे हे काशीस्थान. इथेच म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही इथेच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे श्रीगोविंदप्रभू राहत होते. त्यांना एकदा लग्नाची हौस आली, भक्तांनी लग्न मांडले आणि महदाइसेला वराचे धवळे गायला सांगितले. तिने गायले ते कृष्ण-रुक्मिणीचे लग्न. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण महदंबेला ओळखतो ती या धवळ्यांमुळे. ज्या मातीतून रुक्मिणी गेली, त्याच मातीत एका स्त्रीने तिची कथा लग्नघरातल्या बायकांच्या गाण्याच्या घाटात आणली. समोर देवस्वरूप मानलेला पुरुष बसला होता, पण महदंबेला स्टेसिकोरससारखी भीती वाटली नाही. आपल्याच घरातले लग्न असल्यासारखी ती गायली.

या स्वातंत्र्याला मी जवळिकीचे स्वातंत्र्य म्हणेन. ॲटवुडला मिळालेले स्वातंत्र्य देव दूर गेल्यामुळे मिळाले. महदंबेचे स्वातंत्र्य देव घरचा असल्यामुळे. लोकपरंपरेने तेच केले आहे. पंढरपूरची कथा अशी की रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिची समजूत काढायला मागे आला. भागवतात नसलेला हा रुसवा लोकांनी तिला दिला, आणि त्याने कोणाची श्रद्धा दुखावली नाही. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने रुक्मिणीला नेले, असे अमरावतीकर सांगतात. कौंडिण्यपूरचे लोक आपल्या गावातली अंबिका दाखवतात. हरलेला रुक्मी लाजेने राजधानीत न परतता भोजकटात राहिला, आणि ते भोजकट म्हणजे भातकुली, असे मानले जाते. आषाढीला कौंडिण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. तिला चारशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगितली जाते. ही पालखी माहेरची आहे, हे विसरून चालणार नाही. पर्सेफनीला हेडिसने फुले वेचताना ओढून नेले, हेलनचे हरण झाले की ती स्वतः गेली यावर ग्रीक कवी भांडत बसले. रुक्मिणीने पत्र लिहून आपले हरण स्वतः ठरवले, आणि तरीही तिचे माहेर तिला तुटले नाही.

विदर्भकन्या आजच्या अद्भुत कादंबऱ्यांतून सहज हिंडत नाहीत, याचे कारण आता स्पष्ट व्हावे. ग्रीक नायिकांचे गाव सुटले आहे, म्हणून त्या कुठेही जाऊ शकतात. आपल्या नायिकांचे गाव जागेवर आहे, त्यांना माहेर आहे. त्यामुळे त्यांना नव्याने लिहायचे तर दुराव्याची वाट नक्कल करून उपयोगी पडणार नाही. मेडूसाच्या जागी शूर्पणखा आणि न्यूयॉर्कच्या जागी मुंबई टाकली की आपली फँटसी तयार झाली, असे मानणाऱ्या पुस्तकांत मला हीच उणीव जाणवते. वाट महदंबेची घ्यावी लागेल, आणि ती इथल्या लिहिणाऱ्यांना जितकी सोपी आहे तितकी दुसऱ्या कोणाला नाही. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत. वत्सगुल्म म्हणजे वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. साहित्याचे लग्नसुद्धा वऱ्हाडातच लागले आहे.

वर्गातल्या मुलामुलींना मी आता दमयंतीकडे जायला दुसरे दार सुचवतो. ओडिसीतल्या दासी मालकिणीचे गुपित फोडतात आणि अखेर फासावर जातात. कुंडिनपुरातली केशिनी तशी नाही. ती मालकिणीचे डोळे होते. सारथ्याच्या खोलीबाहेर उभी राहून ती ठेंगणे दार उंच होताना पाहते, भांडी भरताना पाहते, त्याच्या पातेल्यातला घास पदराआड घेऊन येते, आणि राजकन्येच्या दोन मुलांना हाताला धरून त्या विरूप माणसाकडे घेऊन जाते. बाप मुलांना ओळखतो, तेव्हा ती तिथे हजर असते. वनपर्वाने तिला एवढेच काम दिले आणि पुढे तिचे नाव सोडून दिले. त्या रात्री मुदपाकखान्यात परतल्यावर तिने इतर बायकांना काय सांगितले असेल, ते वऱ्हाडी बोलीत लिहून आणा, एवढाच माझा या वर्षीचा गृहपाठ आहे.